राजांच्या आधीचा कोट

जबलपूरला पाहुणा आला म्हणजे त्याला जे जे दाखवायचे ते बहुतेक सारे पाषाणाचे असते. नर्मदेने चिरत नेलेले भेडाघाटचे संगमरवरी कडे, मदनमहालाच्या टेकडीवर एकमेकींवर तोलून राहिलेल्या ग्रॅनाइटच्या अजस्र शिळा, कलचुरी राजांच्या अमदानीत दहाव्या शतकाच्या सुमारास उभे राहिलेले चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देवालय. इतकेच काय, १८२८ साली कॅप्टन स्लीमन याला येथील छावणीच्या परिसरात जी हाडे सापडली आणि जी पुढे हिंदुस्थानातील डायनोसॉरचे पहिले ज्ञात अवशेष ठरली, तीसुद्धा दगड झालेलीच होती. अशा गावात राहून मातीची थोरवी सांगायला निघावे, हे धाडसच म्हणायचे. पण पाषाणाला बहुधा एक धनी असतो. त्यावर त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, दान दिलेल्या गावाचे नाव आणि दान हिरावून घेणाऱ्याला मिळणाऱ्या नरकाचे वर्णनही कोरलेले असते. मातीच्या बांधकामावर कुणाचेच नाव नसते. आणि म्हणूनच, ज्या काळी नाव कोरून ठेवण्याइतका मोठा माणूस या मुलखात जन्मलाच नव्हता, त्या काळची साक्ष काढायची झाली तर ती मातीलाच विचारावी लागते.

या लेखात अशाच एका मातीच्या कोटाची हकीकत सांगायची आहे. तो जबलपूरच्या वेशीवर नाही. सागर जिल्ह्यात, बीना नदीच्या वळणावर, एरण या गावी आहे. परंतु तेथवर जाण्याचा विचारांचा रस्ता जबलपूरजवळच्या तेवरवरून जातो, म्हणून आरंभ तेथूनच करणे इष्ट.

तेवरचे दोन वाचक

शहरातून भेडाघाटच्या सडकेला लागले, की सुमारे तेरा किलोमीटरवर तेवर लागते. हीच प्राचीन त्रिपुरी. नवव्या शतकात पहिल्या कोकल्लदेवापासून तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षे, कलचुरी राजांनी येथून डाहल देशावर राज्य केले. गांगेयदेव आणि त्याची ही राजधानी यांचा उल्लेख अल्बेरुणीच्या ग्रंथात आहे. त्याचा पुत्र कर्णदेव याने थेट काशीला कर्णमेरू नावाचे देवालय बांधले. पुढे हा प्रदेश गढ्याच्या गोंड राजांकडे गेला, १७८१ साली सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ साली नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली गेला, आणि १८१७ अखेरीस इंग्रजांनी तो घेतला. १९३९ च्या मार्चमध्ये सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा त्याला नाव दिले गेले ते याच जुन्या नगरीचे. त्रिपुरी हे नाव असे पुन्हा पुन्हा कामास आले. त्रिपुरीची जमीन मात्र फारशी कुणी उकरून पाहिली नव्हती.

ती पाहिली मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सांकलियांच्या बरोबरीने उत्खनन करून आलेले हे विद्वान त्या वेळी सागर विद्यापीठात होते, आणि विद्यापीठाच्या वतीने त्यांनी तेवर येथे खोदकाम केले. त्याचा वृत्तान्त १९५५ साली मध्यप्रदेश सरकारने प्रसिद्ध केला. त्या वेळी मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती, ही गोष्ट आजच्या वाचकाला मुद्दाम आठवून द्यावी लागते. योगायोग असा, की त्याच वर्षी नागपूरच्याच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला कलचुरी-चेदी संवताच्या कोरीव लेखांचा बृहद्‌ग्रंथ प्रकाशित झाला. एकाच नगरीचे हे दोन मराठी वाचक. मिराशींनी तिची अक्षरे वाचली आणि राजांची वंशावळ, त्यांचे विवाह, त्यांची दाने, त्यांचा संवत हे सारे तिथी-वारांसह लावून दिले. दीक्षितांनी तिची माती वाचली, आणि कलचुरींच्या पायाखाली बोधी नावाच्या विस्मृत राजकुलाची नाणी, त्याखाली सातवाहनांची, आणि त्याहीखाली गंगेच्या खोऱ्यातून आलेल्या काळ्या चकचकीत भांड्यांच्या खापऱ्या दाखवून दिल्या. 'तिपुरी' अशी ब्राह्मी अक्षरे असलेली तांब्याची जुनी नाणी ज्या नगरीने पाडली, ती कलचुरींच्या आधी हजार वर्षे नांदती होती, हे त्यामुळे डोळ्यांना दिसले.

आजही तेवरच्या हथियागढ भागातील त्रिपुरसुंदरीच्या दर्शनाला नवरात्रात जबलपूर लोटते. भग्न मूर्ती झाडाखाली मांडून, शेंदूर लावून, खेरमाई म्हणून पुजण्याची या मुलखाची रीत आहे, आणि त्या रीतीनेच पुष्कळशा मूर्ती टिकल्या. मूर्तीला असा कुणी ना कुणी वाली भेटतो. टेकाडाला कोण भेटणार? शिवाय तेवरला कितीही खोल गेले, तरी आपण राजांच्या आणि नाण्यांच्या काळापासून फार दूर जात नाही. त्याच्याही मागे जायचे तर वायव्येची वाट धरली पाहिजे.

बीना नदीचे वळण

जबलपूरहून कटनी, दमोह, सागर असा लोहमार्ग बीना जंक्शनला जातो. तेथून भोपाळच्या दिशेला मंडी बामोरा हे स्थानक आहे, आणि एरणला तेच जवळचे. पुढचा रस्ता हरभऱ्या-गव्हाच्या शेतांतून जातो. बेटव्याला मिळायला निघालेली बीना नदी येथे असे वळण घेते, की गाव तीन बाजूंनी पाण्यात सापडते आणि चौथी, दक्षिणेची बाजू तेवढी जमिनीला जोडलेली राहते. गुप्तकालीन लेखांत या गावाचे नाव ऐरिकिण असे येते.

१८३८ साली टी. एस. बर्ट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने येथील स्तंभ आणि लेख विद्वानांच्या नजरेस आणले. पुढे कनिंगहॅम येऊन गेला. त्यांना जे दिसले ते आजही तेथे उभे आहे, आणि ते पाहून कुणीही स्तिमित व्हावे असेच आहे. सुमारे तेरा मीटर उंचीचा एक स्तंभ. त्यावरील बुधगुप्ताच्या काळच्या लेखात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी तिथी आहे, म्हणजे इसवी सन ४८४. भारतीय कोरीव लेखांत वाराचा उल्लेख येतो तो येथे प्रथम. कालिंदी आणि नर्मदा या दोन नद्यांमधला प्रदेश सांभाळणाऱ्या सुरश्मिचंद्र नावाच्या सामंताचेही नाव त्यात आहे. आमची नर्मदा अशी या लेखाची दक्षिण हद्द झाली आहे. जवळच पशुरूपातील प्रचंड वराह, सर्वांगावर ऋषींच्या रांगाच रांगा कोरलेला, दाढेला पृथ्वीदेवी धरून उभा आहे. त्याच्या छातीवर हूण राजा तोरमाण याच्या राज्याच्या पहिल्या वर्षाचा लेख आहे. इसवी सन ५१० चा, गोपराज रणात पडला आणि त्याच्यामागे त्याची पत्नी सती गेली हे सांगणारा आणखी एक लेख. समुद्रगुप्ताचा लेखही येथलाच, तो आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. मौर्यकाळाच्या आसपासचे, धर्मपाल नावाच्या कुणाचे एक नाणे येथे मिळाले, त्यावरची ब्राह्मी अक्षरे उजवीकडून डावीकडे धावतात. भारताच्या प्राचीन इतिहासाचे इतके दाखले एका खेड्याच्या हद्दीत क्वचितच मिळतील.

परंतु या सर्वांहून जुनी, आणि आकाराने तर या सर्वांना गिळून टाकील अशी वस्तू कनिंगहॅमच्या काळी कुणाच्या ध्यानी आली नाही, कारण ती वस्तू आहे असे कुणाला वाटलेच नाही. १९५८ च्या सुमारास, मथुरेचे संग्रहालय सांभाळलेले प्राध्यापक कृष्णदत्त वाजपेयी सागर विद्यापीठात आले. १९६० पासून पाच हंगाम त्यांनी एरणला उत्खनन केले, आणि दक्षिणेच्या मोकळ्या बाजूला जो उंचवटा गावकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते, त्याच्या आरपार चर घेतला. तेव्हा कळले, की हा उंचवटा निसर्गाने केलेला नाही. काळ्या आणि पिवळ्या मातीचा तो एक कोट आहे, त्याच्या बाहेरून खंदक आहे, आणि हे दोन्ही ताम्रपाषाणयुगातील माणसांनी, इसवी सनापूर्वी सतराशेच्या सुमारास, रचलेले आहेत. म्हणजे नदीने तीन बाजूंनी घातलेले कुंपण माणसाने चौथ्या बाजूला पुरे केले.

स्तंभाचा आणि वराहाचा परिसर पाहून झाल्यावर पाहुणे परत फिरतात. कोटाकडे वळलो तेव्हा वाटेत भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मोठ्या आस्थेने सांगितले, "साहेब, मूर्ती तिकडे मागे राहिल्या, इकडे काहीच नाही." त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरेच होते. मातीचा कोट पाहायचा तर डोळ्यांना थोडी शिकवणूक लागते. उतारावरची नजर हळूहळू खाली आणली, की पावसाने धुऊन उघड्या पडलेल्या खापऱ्या दिसू लागतात. त्यांतली एक पायाशीच पडली होती, तळहाताच्या निम्म्याने, आतून आणि काठाशी काळी, बाहेरून खाली तांबडी. भांडे पालथे घालून भाजले म्हणजे आतल्या बाजूला आणि काठाला हवा लागत नाही, तो भाग काळा पडतो. बाहेरच्या अंगाला हवा मिळते, तो तांबडा होतो. आतल्या काळ्यावर पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघा ओढलेल्या, एक थोडी वाकडी, कारण ओढताना हात जरा हलला असावा. तशीच ती तेथे राहू दिली. संरक्षित जागेवरून खापरी उचलणे कायद्याने अयोग्य हे तर खरेच. पण जागेवरची खापरी साक्षीदार असते आणि खिशातली खापरी नुसती खापरी, हे कारण त्याहून मोठे आहे.

टोपल्यांचा हिशेब

वाजपेयींच्या उत्खननातून कोटाची जी मापे मिळाली ती अशी: पायाशी रुंदी सुमारे ४७ मीटर, शिल्लक उंची सुमारे ६.४ मीटर, खंदकाची रुंदी सुमारे ३६.६ मीटर आणि खोली सुमारे साडेपाच मीटर. आकडे वाचून पुढे जाण्याची आपल्याला सवय असते. पण येथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे असे हे आकडे आहेत.

कोटाचा छेद ढोबळ मानाने त्रिकोणी धरला, तर त्याचे क्षेत्रफळ दीडशे चौरस मीटरच्या घरात जाते. खंदकाच्या कडा उतरत्या होत्या असे धरले, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळही जवळपास तितकेच भरते. म्हणजे जी माती खंदकातून निघाली तीच कोटावर चढली, आणि जमाखर्च बरोबर मिटला. गेल्या साडेतीन-पावणेचार हजार पावसाळ्यांनी कोट खचून पसरला असणार, पायाशी रुंद आणि माथ्याशी बुटका झाला असणार. तरी खचलेल्या मातीचा आकार बदलतो, राशी तेवढीच राहते.

आता पुढे. एक मीटर लांबीच्या कोटाला दीडशे घनमीटर माती. पंचवीस लिटरची टोपली धरली तर सहा हजार टोपल्या. एका माणसाने दिवसभरात एक घनमीटर माती खणली, वाहिली आणि चढवली असे मानले, तर एका मीटरला दीडशे दिवसांची मजुरी, आणि शंभर मीटरला पंधरा हजार दिवसांची. शंभर माणसे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत एक दिवस न चुकवता खपली, तर शंभर मीटर कोट उभा राहील. त्या काळी या भागात लोखंड आलेले नव्हते. तांबे होते, पण ते इतके दुर्मीळ की त्याची कुदळ करून चिखलात घालणे कुणाला परवडले नसते. लाकडी खणत्या, दगडी अवजारे आणि विणलेल्या टोपल्या, एवढ्याच भांडवलावर हे काम झाले.

त्यातही कार्तिक ते फाल्गुन म्हणजे रब्बीचा हंगाम. याच काळच्या माणसांच्या नर्मदाकाठच्या नावडातोली या वसतीत सांकलिया, सुब्बाराव आणि देव यांना गहू, मसूर, वाटाणा, लाख यांचे जळके दाणे मिळाले होते. एरणची माणसे याच जातीची पिके घेत असतील तर कोटाच्या कामाला गेलेला प्रत्येक हात शेतातून काढलेला हात होता. त्याच्या वाटचे पीक दुसऱ्या कुणी काढले, किंवा आदल्या वर्षीचे धान्य कुठे तरी साठवून ठेवलेले होते. मातीच्या कोटामागे असे धान्याचे एक कोठार असते, आणि कोठारामागे त्याच्या किल्लीचा प्रश्न असतो.

मातीच्या निवडीतही विचार दिसतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसत्या काळ्या मातीचा कोट चार-दोन वर्षांत तडकून ढासळला असता. पिवळी माती फुगत नाही, पण पाण्याने चटकन वाहून जाते. दोहोंचा मेळ घातला तर एकीचा दोष दुसरीने झाकला जातो. विदर्भ-मराठवाड्यातील देशमुखांच्या गढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मातीच्या भिंतीचे हे शास्त्र नवे वाटणार नाही. कोणती माती कुठून आणायची आणि किती तुडवायची, हे जाणणारे कारागीर त्या गढ्यांच्या पाठीशी होते. तसे कुणी तरी एरणच्या कोटाच्या पाठीशीही असलेच पाहिजेत.

करार की वेठ

कोट कशासाठी? शत्रूसाठी, असे उत्तर पटकन सुचते, आणि खंदक जमिनीच्या बाजूला आहे हे त्याला पोषकच आहे. पण नदीच्या वळणात वसलेल्या गावाला पुराचेही भय असते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे प्रदीर्घ उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगातील वसतीला लागून दोनशे मीटरहून अधिक लांबीचा दगडमातीचा बांध आणि एक खोल चर मिळाला. तो पुराचे पाणी वळवून शेतीला देण्यासाठी असावा असे ढवळीकर प्रभृतींचे मत आहे. गुरे आत राहावीत आणि वाघ-लांडगे बाहेर राहावेत, एवढ्यासाठीही मुलूखभर कुंपणे घातली गेली आहेत. एरणच्या कोटाने या तिन्ही गरजा भागवल्या असतील, आणि चौथी एक गरज, जिला हत्यार किंवा पाणी लागत नाही: आतले कोण आणि बाहेरचे कोण हे ठरवणे. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गावकूस ही केवळ भिंत नव्हती हे त्याच्या सामाजिक इतिहासाने त्याला पुरते शिकवले आहे.

तेव्हा खरा प्रश्न असा उभा राहतो, की ही सहा-सहा हजार टोपल्यांची मेहनत आपखुशीची होती की वेठीची? राजा नव्हता, सैन्य नव्हते, दप्तर नव्हते, महसूल नव्हता. मग एवढी माणसे कुणाच्या हुकमाने खपली? इनामगावात गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार मिळाले, आणि ते गावप्रमुखाचे असावे असा तर्क करण्यात आला. म्हणजे राजा येण्यापूर्वी कोठाराची किल्ली एका घरात जाऊ लागली होती. तसेच एरणलाही असेल, तर कोटाचे काम म्हणजे त्या किल्लीच्या बदल्यात घेतलेली चाकरी ठरते. पण दुसरीही शक्यता तितकीच बळकट आहे. दर घराने आपल्या वाटचा पल्ला उचलायचा, हातभर मागे राहिलेल्या घराला भावकीने ओढून घ्यायचे, अशा रीतीने तळी खणणारी आणि बांध घालणारी गावे आपल्याकडे परवापरवापर्यंत होती. त्यांना हुकमाची गरज लागली नाही; पंचांची लागली.

माझा स्वतःचा कल दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण कोटाच्या जमाखर्चातच आहे. बळजोरीचे बांधकाम बहुधा बळजोराची जागा दाखवते: बालेकिल्ला, उंच चौथरा, आतला दुसरा तट. एरणला नदीने आणि कोटाने मिळून घातलेला विळखा साऱ्या वसतीला सारखाच घातला आहे. एका घराभोवती वेगळा घातलेला नाही. ज्यांनी माती वाहिली ते तिच्या आत राहिले. पुढे हजार वर्षांनी मात्र चित्र पालटले. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या सुमारास उज्जैनला क्षिप्रेच्या काठी जो मातीचा तट उठला, त्याचा पाया ७५ मीटर रुंद आणि उंची १४ मीटर असल्याचे न. र. बॅनर्जी यांच्या उत्खननात आढळले. नदीचे पाणी अडवायला त्याच्या अंगात लाकडी ओंडके घातलेले होते. वैनगंगेच्या काठी पवनीला आजही गावाला वेढून असलेला मातीचा प्रचंड तट आहे, जेथे १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी स्तूपांचे अवशेष उजेडात आणले. कुही तालुक्यातील आडमलाही तसाच तट आहे. हे जनपदांचे आणि नगरांचे कोट. त्यांच्या मागे कर होते, पहारे होते, व्यापारी होते. एरणचा कोट या सर्वांचा वडील आहे, आणि त्याच्या काळी वडीलपणाला अजून राज्यपद लाभलेले नव्हते.

कायद्याची हद्द

इंग्लंडात प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा पहिला कायदा १८८२ साली झाला. त्याला जोडलेल्या यादीत प्रासाद नव्हते की कॅथीड्रले नव्हती. बहुतेक साऱ्या जागा प्रागैतिहासिक होत्या, शिळावर्तुळे, थडग्यांचे ढिगारे आणि मातीचे वेढे. एव्हबरीचा वेढा त्यांतलाच: हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी खणलेला नऊ-दहा मीटर खोल खंदक आणि त्याच मातीचा बांध. त्या देशात जमीनदारांचा वाडा आपला आपण सांभाळला जाई. बेवारशी मातीलाच सरकारची गरज, हा विचार त्यामागे होता. आपल्याकडे लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत १९०४ चा कायदा आला, आणि त्याच्या व्याख्येत थडग्यांच्या ढिगाऱ्यांना जागा मिळाली खरी, पण प्रत्यक्ष काळजी वाहिली गेली ती देवालयांची, मशिदींची, मकबऱ्यांची, किल्ल्यांची. मातीच्या तटाला छेद देऊन तो थराथराने वाचण्याची विद्या डॉर्सेटच्या मेडन कॅसलवर १९३४ ते ३७ या वर्षांत मॉर्टिमर व्हीलरने पक्की केली. १९४४ साली तो आपल्या पुरातत्त्वखात्याचा महासंचालक झाला आणि त्याने तक्षशिलेला तरुणांची शाळा भरवली, तेव्हा ती विद्या इकडे आली. १९४६ साली हडप्प्याच्या तटाला त्याने स्वतः छेद दिला. एरणचा चर हा त्याच परंपरेतला. म्हणजे मातीचे वाचन आपण शिकलो, मातीचे रक्षण मात्र शिकायचे राहिले.

एरणचे अवशेष आज केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्याने आणि त्याला २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या दोनशे मीटरवर परवानगीचा अंकुश आहे. वास्तूची खराबी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. २०२० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे स्वतंत्र मंडळ जबलपूरला स्थापन झाले, त्यामुळे या भागातील पुष्कळ कामे आता भोपाळची वाट न पाहता येथूनच पाहिली जातात. कायद्यात म्हणण्यासारखी उणीव नाही. उणीव आहे ती हद्दीची.

देवळाची हद्द लहान मुलालाही दाखवता येते. कोटाची हद्द कुठे सुरू होते आणि कुठे संपते? त्याचा पायथा शेतात विरघळलेला असतो, खंदक गाळाने भरून त्यावर पीक उभे असते, आणि दर वर्षी नांगराचा फाळ एक-एक वीत आत सरकतो, यात कुणाचाही दुष्ट हेतू नसताना. जुन्या वसतीची पांढरी माती खतासारखी कामास येते, म्हणून ती गाड्या भरभरून शेतात नेण्याची चाल सर्व देशभर आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राचीन पांढऱ्या अशाच शेतांत पसरल्या. वीटभट्टीला माती लागते, सडकेच्या भरावाला माती लागते, आणि पूर्वी जे काम शंभर टोपल्यांना एक दिवस लागे ते जेसीबीचे यंत्र चहा थंड होण्याआधी उरकते. जे रचायला कार्तिक ते फाल्गुन लागला ते काढायला आता एक रात्र पुरते. पोलीस, चौकीदार, दंड हे सारे त्यानंतर येणारे.

यावर उपाय अवघड नाहीत, खर्चाचेही नाहीत. फक्त ते पुरातत्त्वखात्याच्या एकट्याच्या दप्तरात बसत नाहीत. कोटाची आणि खंदकाची संपूर्ण मोजणी होऊन त्यांची रेघ गावाच्या महसुली नकाशावर उतरली पाहिजे, म्हणजे पटवाऱ्याच्या खसऱ्यात त्या तुकड्याला त्याचे खरे नाव मिळेल, आणि जमीन विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, कर्ज देणाऱ्याला ते वाचावेच लागेल. ज्यांची शेते खंदकावर आहेत त्यांच्याशी खोल नांगरट न करण्याविषयी समजुतीचा करार झाला पाहिजे आणि त्याचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. पोटावर पाय देऊन केलेले जतन फार दिवस टिकत नाही. वराहाजवळच्या वाटेवरून एक पायवाट कोटाच्या छेदापर्यंत नेऊन, तेथे त्याचे थर दाखवणारे एक मोठे चित्र लावले पाहिजे. सागर, जबलपूर, नागपूर येथील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच वर्षी या उतारावरून एकदा चालून यावे. स्तंभावरचा गुरुवार वाचायला शिकण्याच्या आधी पायाखालची माती वाचायला शिकावे.

हे सारे होईल की नाही, ते अखेरीस एका प्रश्नावर अवलंबून आहे. महाराष्ट्रात मातीवडार, बेलदार या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या मातीचीच कामे करीत आल्या. विहिरी, बंधारे, गढ्या, सडका त्यांच्या पाठीवरून उभ्या राहिल्या, आणि त्यांची पाले बहुधा गावकुसाबाहेरच राहिली. ज्याने माती वाहिली त्याचे नाव लक्षात ठेवण्याची आपल्याला सवय नाही. ज्याने वाहवून घेतली त्याचे नाव आपण शाळेत पाठ करतो. एरणला तोरमाणाचे नाव आहे, बुधगुप्ताचे आहे, समुद्रगुप्ताचे आहे, आणि त्या सर्वांना आपण यथायोग्य छत, कुंपण आणि चौकीदार दिला. त्यांच्या दोन हजार वर्षे आधी, कुणाचेही नाव न घेता जे लोक आपल्या सर्व घरांभोवती एकच कोट घालून गेले, त्यांच्या कामाला तेवढीच इतमामाची वागणूक देता आली, तर इतिहास हा केवळ राजांचा नसतो हे वाक्य आपण भाषणात वापरायला मोकळे आहोत. तोवर ते न वापरणे बरे.